ओल्या कोब्यावरची फरशी

दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा, असा निरोप मला गेली काही वर्षं येतो आहे. दरवेळी मी कारण काढलं. एकदा मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगितलं, एकदा नातीची परीक्षा. ऑपरेशन कधीच उरकलं होतं, आणि नात हुशार आहे, तिला अभ्यासात माझी गरज नाही. खरं कारण वेगळं होतं. कामाबद्दल लिहायला बसलो की मी एका घरापाशी येऊन थांबतो. ते घर गाळून लिहिलं तर सगळंच खोटं वाटतं, आणि ते घर धरून लिहायची छाती होत नव्हती. यंदा लिहितो आहे. जमेल तसं.

नागपूरच्या लकडगंजात आमचं दुकान आहे. आता ते माझी मुलगी मृणाल बघते. वडिलांच्या काळात तिथे सागाच्या फळ्या आणि चौकटी विकल्या जात. आजूबाजूला सगळ्या लाकूड कापायच्या आरामशिनी, दिवसभर करकर आणि हवेत भुसा. मी तिथे लॅमिनेटची फरशी आणली, जिला आपल्याकडे सगळे 'वुडन फ्लोरिंग' म्हणतात. वडिलांनी पहिली पेटी उघडून पट्टी उलटसुलट केली आणि म्हणाले, "लाकडाच्या बाजारात बसून तू लाकडाचे फोटो विकून राहिला गा!"

त्यांचं चुकलं नव्हतं. या पट्टीच्या पोटात लाकडाचा दाबलेला भुगा असतो. त्यावर लाकडाच्या रेषा छापलेला कागद, आणि कागदावर कडक पारदर्शक थर. साग, ओक, मेपल, अक्रोड, जे म्हणाल त्याचा फोटो. पट्ट्या खाचेत खाच अडकवून बसवतात. खिळा नाही, गोंद नाही. सगळी फरशी पातळ फोमवर नुसती पडून असते. भिंतीपाशी बोटभर जागा सोडायची, कारण ती ऋतूप्रमाणे फुगते आणि आकसते, आणि ती फट कडेच्या पट्टीनं झाकायची. वरून पाणी सांडलं आणि लगेच पुसलं तर तिला काही होत नाही. खालून ओल आली तर मात्र तो भुगा पाणी पितो, सांधे फुगून वर येतात आणि मग त्यावर इलाज नसतो.

लोकांना वाटतं फरशी पसंत करणं म्हणजे रंग पसंत करणं. एका वकीलसाहेबांनी काळी चकचकीत घेतली. बायको राखाडी म्हणत होती, मीही म्हणालो की नागपूरच्या धुळीत काळा रंग त्रास देईल. ऐकलं नाही. महिन्याभरात त्यांचा फोन आला.

"तुमची फरशी बोलते हो."

"काय बोलते साहेब?"

"कोण कुठून उठलं आणि फ्रिजपाशी किती वेळा गेलं, सगळं सांगते. मले डॉक्टरनं गोड बंद केलं आहे!"

पुढे ते भर मे महिन्यात घरात मोजे घालून फिरायचे म्हणे.

वनखात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी तर बसवलेल्या फरशीवर उकिडवं बसून मला बोलावलं. "ही गाठ पाहा. आता तिकडे पाहा, तीच गाठ. आणि दारापाशी पुन्हा तीच. एका झाडाले इतकी जुळी पोरं?" फोटोच तो, ठरावीक पट्ट्यांनंतर पुन्हा येणारच. पण तेव्हापासून आम्ही चार पेट्या एकदम उघडून पट्ट्या मिसळून लावायला लागलो. शिवाय आपल्याकडे खिडकीत कूलर असतो. त्याची टाकी कुठे गळते हे मी रंगाच्या आधी विचारायचो. लोक हसायचे. फरशी घ्यायला आलो आणि हा कूलरची चौकशी करतो!

असे किस्से मला कितीही येतात. त्यांच्या आडच मी इतकी वर्षं बसलो होतो.

पंधराएक वर्षांपूर्वी कुसुमताई नावाच्या बाई सुनेला घेऊन दुकानात आल्या. नावं मी बदलली आहेत. गावाकडे त्यांची शेती, मुलगा प्रमोद नोकरीला, आणि घर रिंगरोडच्या बाजूला. जुनी फरशी फोडून त्यांनी हॉलमध्ये नवा कोबा घातला होता. कोबा म्हणजे सिमेंटचा सपाट थर. त्यावर लाकडी फरशी हवी होती, आणि ती महालक्ष्म्यांच्या आधी.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात, म्हणजे ज्येष्ठा आणि कनिष्ठा गौरी. तीन दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. ज्या घरी त्या बसतात, त्या घराचं वर्षाचं सगळं वेळापत्रक त्या तीन दिवसांभोवती फिरतं.

कुसुमताई स्टुलावर बसत म्हणाल्या, "मले तर सागाचा रंग पाहिजे होता भाऊ. सागाचा रंग म्हणजे घर वाटते. पण लग्नाले वर्ष झालं हिच्या, एक वस्तू घरात हिच्या मनाची होऊ द्या. हिलेच दाखवा."

सून वैदेही, उमरेडची. दिसायला बारीक, पण तिनं माझ्या दुकानाची जी दैना केली ती विसरणार नाही. तीन नमुने उचलून सरळ रस्त्यावर गेली आणि उभ्या असलेल्या हातगाडीवर ठेवून उन्हात पाहिले. मग जिन्याखालच्या अंधारात ठेवून पाहिले. मग मला विचारलं, "काका, रांगोळी आहे का?"

दुकानाच्या उंबऱ्यापुरती असायची. मी डबी दिली. तिनं प्रत्येक नमुन्यावर चिमूट चिमूट टाकली आणि हातानं पुसून पाहिली. ज्या पट्ट्यांच्या सांध्यात नक्षीची खोल रेघ होती त्या रेघेत रांगोळी जाऊन बसली, निघेना. गडद रंगावर पांढरी झाक राहिली. फिक्या मेपलच्या सपाट कडेच्या पट्टीवरून मात्र ती एका हातात साफ झाली.

"आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात ना," ती म्हणाली. "दारापासून पावलं येतील. ही द्या."

इतकी वर्षं मी फरशी विकत होतो, पण आपल्या घरांत जमिनीवर रांगोळी पडते याचा विचार करून मी कुणाला नमुना दाखवला नव्हता. कुसुमताईंनी मेपलकडे पाहून नाक मुरडलं. मग हसून म्हणाल्या, "घ्या. तिची पसंती."

आता माझं काम. कोबा वाळला की नाही हे बघायची एक सोपी रीत आहे. प्लॅस्टिकची चौकोनी पन्नी चारही बाजूंनी चिकटपट्टीनं जमिनीवर लावून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी उचलायची. खालची बाजू कोरडी असेल तर काम सुरू करायचं. दवासारखं पाणी धरलं असेल तर थांबायचं, आणि पावसाळ्यात बरंच थांबायचं. मी पन्नी लावली. दुसऱ्या दिवशी गजाननला, म्हणजे आमच्या फिटरला, सोबत घेऊन उचलली. खाली थेंब होते. एखादा नाही, पन्नी झटकली तर हात ओला होईल इतके.

गजानन म्हणाला, "भाऊ, कोब्याले घाम येऊन राहिला अजून."

मी म्हणालो, "होईल. पंखे लाव."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पंखे लावले. दोन दिवसांनी आम्ही फरशी टाकली.

काहून केलं, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. कुसुमताई समजूतदार बाई होत्या. यंदा महालक्ष्म्या कोब्यावर सतरंजी टाकून बसवा, फरशी हिवाळ्यात टाकू, असं म्हटलं असतं तर कुरकुर केली असती आणि ऐकलं असतं. पण मी दुकानात सगळ्यांसमोर छातीवर हात ठेवून 'महालक्ष्म्यांच्या आधी म्हणजे आधी' असं म्हणालो होतो. तो शब्द परत घ्यायचा म्हणजे मला धंद्यातलं कळत नाही हे कबूल करायचं. तेवढंच. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला मला बोलावणं होतं. आंबील, कढी, पुरण, सोळा भाज्यांची एक भाजी. हॉल उजळून निघाला होता. दारापासून मखरापर्यंत वैदेहीनं तांदळाच्या ओल्या पिठीत मूठ बुडवून पावलं काढली होती, एकसारखी, त्या फिक्या जमिनीवर उठून दिसणारी. आलेल्या बायका वाकून फरशीला हात लावून बघत होत्या आणि कुसुमताई प्रत्येकीला सांगत होत्या, "सुनेची पसंती आहे बाप्पा, माझी नाही!" वैदेही वाढत होती. तिला लपवता येत नव्हतं इतका आनंद तिच्या तोंडावर होता.

गणपती उठल्यानंतर फोन आला. गेलो. हॉलच्या मधोमध सांधे वर आले होते. पाय ठेवला की फळी दबून पुन्हा उठत होती. घरचे तिघंही उभे होते. मी गुडघ्यावर बसलो, फरशीवर टकटक केली आणि डॉक्टरसारखा चेहरा करून विचारलं, "पाणी सांडलं होतं का?"

वैदेही म्हणाली, "सांडलं नाही. पावलं काढली होती पिठीची. ओली होती, पण मी दुसऱ्या दिवशी..."

"हं," मी म्हणालो. "मग तेच."

तिच्या प्रामाणिकपणाचा मी असा उपयोग केला.

कुसुमताई सुनेकडे वळल्या. "सांगितलं होतं ना तुले, कोरडी रांगोळी काढ. काहून ऐकत नाही वं? आणि नेमकी पावलांवरच उठली. लक्ष्मीच्या पावलावर जमीन उठते का कुठे?"

नेमकी पावलांवर उठली नव्हती. ते तिघं आतल्या खोलीत गेले तेव्हा मी भिंतीलगतचा दिवाण ओढून पाहिला. त्याच्या मागचा कोपराही फुगला होता. तिथे ना पाऊल होतं, ना पिठी, ना कधी ओला पोछा गेला होता. ओल सगळीकडून, खालून येत होती. मी दिवाण पुन्हा भिंतीला लावून ठेवला.

पुढे जे केलं ते लोकांना चांगुलपणा वाटला. मी म्हणालो, फरशी मी बदलून देतो, माझ्याकडून. थंडीत कोबा खडखडीत वाळल्यावर नवी टाकली. कुसुमताईंच्या म्हणण्याप्रमाणे सागाच्या रंगाची. ती अर्थातच टिकली. वाळल्या जमिनीवर मेपलही टिकली असती आणि काळीही. पण घरात एवढंच ठरलं की सुनेनं पसंत केली ती नासली आणि सासूनं पसंत केली ती टिकली. माझं नाव 'सज्जन माणूस' असं झालं. त्यांनी माझ्याकडे आणखी दोन गिऱ्हाइकं पाठवली.

तीन-चार वर्षांनी ते पुन्हा आले, स्वयंपाकघराच्या कपाटांना लावायचे लॅमिनेटचे पत्रे बघायला. वैदेहीच्या कडेवर मुलगी होती. मी मुद्दाम सगळ्यात चांगले नमुने तिच्यासमोर ठेवले आणि विचारलं, "ताई, तुम्हाला कोणता?"

तिनं नमुन्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "आईंना विचारा ना काका. मला त्यातलं कळत नाही."

ज्या मुलीनं माझ्या दुकानातली रांगोळी संपवली होती ती हे म्हणत होती. प्रमोद हसून म्हणाला, "हिच्या पसंतीनं आम्ही एकदा घेतलं होतं, तुम्हाला तर माहीत आहे." मला माहीत होतं. मी चहा मागवला.

त्यानंतर मी काय केलं तेही सांगतो. पुन्हा कधीही ओल्या जमिनीवर फरशी टाकली नाही. पन्नी गिऱ्हाइकासमोर लावायची आणि गिऱ्हाइकालाच उचलायला लावायची, असा नेम केला. काही लोक चिडून दुसरीकडे गेले, काहींच्या वास्तुशांती कोब्यावर झाल्या. मृणालला धंदा शिकवला तेव्हा पहिल्यांदा ती पन्नीच हातात दिली. गजानन एकदा म्हणाला, "भाऊ, तुम्ही आता लोकायले भेवाडून टाकता." बरं वाटलं ऐकून. पण यातलं काहीही वैदेहीच्या उपयोगाचं नव्हतं.

या उन्हाळ्यात मृणालनं घरी येऊन सांगितलं, "बाबा, तुमच्या जुन्या कुसुमताई आल्या होत्या. घर विकून फ्लॅट घेतला आहे त्यांनी. उद्या बघायला जायचं आहे. तुमची आठवण काढत होत्या."

मी म्हणालो, मी येतो. मृणालला आश्चर्य वाटलं. मी साइटवर जाणं कधीच सोडलं आहे.

फ्लॅट सातव्या मजल्यावर. कुसुमताई हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या, गुडघ्यांनी जेरीस आलेल्या, बाकी आवाज तोच. "या भाऊ! सागच टाकायचा आहे. तेव्हाचा अजून तसाच होता पाहा, घर विकेपर्यंत." वैदेही मृणालला आतल्या खोल्या दाखवायला घेऊन गेली. केसांत थोडं पांढरं आलं होतं. मला नमस्कार केला, हसली.

हॉलमध्ये आम्ही दोघंच राहिलो. मी उभ्यानंच बोललो, बसलो असतो तर बोललो नसतो. "कुसुमताई, ती पहिली फरशी सुनबाईंच्या पावलांनी गेली नव्हती. कोबा ओला होता. मला माहीत होतं, तरी टाकली. फरशी उठली तेव्हा मी खोटं बोललो."

त्या खुर्चीत पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, "दिवाणामागं?"

दिवाणामागचं मी तर अजून सांगितलंच नव्हतं.

"ती म्हणत होती तेव्हा," त्या म्हणाल्या. "झाडताना दिवाण सरकवला होता तिनं. आई, इथं पण फुगली आहे, इथं तर मी काही काढलं नव्हतं. मी म्हटलं, तो माणूस आयुष्यभर हेच काम करून राहिला, त्याच्यापेक्षा तुले जास्त समजते का? मग ती गप्प बसली. तेव्हापासून गप्पच आहे या बाबतीत. पडदे मी, भांडी मी, पोरीच्या खोलीचा रंगही मीच." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर खाली घातली. "काहून सांगितलं नाही हो इतके वर्षं? मी काय खाल्लं असतं तुम्हाले?"

"नाही."

"मग?"

त्यांनी भिंतीचा आधार घेतला, उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही तेव्हा बसल्या जागेवरून हाक मारली. "वैदेही! इकडं ये वं."

ती आली. मागून मृणाल नमुन्यांची पिशवी घेऊन.

"हे घे आणि पाहा. तुझ्या मनानं घे."

"आई, साग ठरला आहे ना?"

"मी ठरवला होता. तू ठरवला का?"

"काय झालं एकदम?"

"एकदम नाही झालं," कुसुमताई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "दिवाणामागचं तुझं खरं होतं. मी ऐकायला पाहिजे होतं. माझं मी बोलले. ह्यांचं हे बोलतील."

वैदेहीनं माझ्याकडे पाहिलं. चटकन नाही, सावकाश. तिला कळलं असावं. ती वाट बघत होती आणि मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आलं, "मेपल आहे का गं मृणाल, त्यात मेपल असेल बघ."

मग वैदेही हसली. "मेपल नको काका. जिला मेपल आवडायचं ती मी तेवीस वर्षांची होते."

ती खाली बसली आणि पिशवी ओतली. नमुने एकमेकांशेजारी लावले, मग काढले, मग मुलीला फोन करून फोटो पाठवले, मृणालशी कूलरच्या जागेवरून वाद घातला. शेवटी तिनं अक्रोडाच्या रंगाची, रुंद पट्ट्यांची, किंचित खरखरीत फरशी उचलली. मी धंद्याच्या सवयीनं म्हणालो, "ताई, खोली लहान आहे. रुंद पट्टीनं आणखी लहान दिसेल. आणि पट्ट्या खिडकीच्या दिशेनं टाका, आडव्या नका टाकू."

"आडव्याच टाकायच्या," ती म्हणाली. "राहायचं मला आहे ना काका?"

कुसुमताई खुर्चीतून म्हणाल्या, "ऐका तिचं." आणि डोळ्याला पदर लावला.

माझ्या आयुष्यात माझा सल्ला याआधी कुणी इतक्या ठामपणे मोडला नव्हता, आणि तो मोडलेला मला इतका आवडलाही नव्हता. फरशी दिवाळीनंतर बसणार आहे. मृणालनं पन्नी लावली आहे. पावसाळ्यात घातलेला कोबा अजून पुरता वाळलेला नाही, म्हणून वैदेहीनंच थांबायला सांगितलं आहे.

निघताना ती आम्हाला लिफ्टपर्यंत सोडायला आली. मृणाल काही विसरली म्हणून आत परत गेली. व्हरांड्यात आम्ही दोघंच. मी चपलेचा पट्टा सारखा केला, मग पुन्हा सारखा केला.

"काका, काही म्हणायचं होतं का?" वैदेहीनं विचारलं. चांगल्या आवाजात विचारलं, मला सोपं जावं म्हणून.

मी म्हणालो, "उंबऱ्यापाशी पितळी पट्टी घ्या. ॲल्युमिनियमची काळी पडते."

"बरं," ती म्हणाली.

लिफ्ट आली. मृणालसाठी थांबलो नाही, आत शिरून बटण दाबलं. दार लागल्यावर मी म्हणालो, "वैदेहीताई, तुमची निवड चांगली होती. खोटं मी बोललो. मला माफ करा." सात मजले मी ते म्हणत होतो, आणि लिफ्टमध्ये माझ्याशिवाय कुणी नव्हतं.